काळ्या रानातला मेटल डिटेक्टर: कोणता घ्यावा, कसा शिकावा

दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला वेग आला की मला दोन तऱ्हेचे फोन येतात. एक असतो, "नाना, वावरात मंगलपोत पडली, मशीन घेऊन याल का?" त्याला मी जमेल तसा जातो. दुसरा असतो, "नाना, जमिनीतलं धन दाखवणारं मशीन कोणतं घेऊ?" त्याला सांगतो की असलं मशीन अजून कोणी बनवलेलं नाही, आणि फोन ठेवतो. हल्ली तिसराही फोन येऊ लागलाय, तरण्या पोरांचा. त्यांनी व्हिडिओ पाहिलेले असतात, भारी मशीन घ्यायची ऐपतही असते. पण व्हिडिओतला माणूस ज्या हिरव्या कुरणात नाणी काढतो ती जमीन आणि आपली काळी यांत काय फरक आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी.

माझं अमळनेरला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. कॉइल, फेज, फ्रिक्वेन्सी हे रोजचे शब्द. त्यामुळे मशीन हातात आलं तेव्हा त्याच्या पोटात काय चालतं हे समजायला वेळ लागला नाही. जमीन समजायला लागला.

आधी पोटातलं सांगतो. खालच्या तबकडीला कॉइल म्हणतात. तिच्यात तारेचे दोन वेढे असतात. एक चुंबकीय क्षेत्र सोडतो, दुसरा नुसता ऐकतो. खाली धातू आला की त्यात बारीक भोवरी प्रवाह फिरायला लागतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि ते किंचित मागे रेंगाळत परत येतं. किती जोरात आलं आणि किती रेंगाळलं, यावरून मशीन पडद्यावर एक आकडा दाखवतं. लोखंडी खिळा खालच्या टोकाला, जाड चांदी आणि तांबं वरच्या टोकाला. एवढंच त्याला कळतं. आणि हा आकडा नुसत्या धातूचा नसतो, वस्तूचा आकार आणि जाडी त्यात मिसळलेली असते. म्हणून सोन्याची पातळ कुडी आणि औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चांदीसारखा तुकडा, दोन्ही जवळपास एकाच आकड्यावर बोलतात. ‘फक्त सोनं दाखवतो’ असं म्हणणारा दुकानदार एकतर शिकलेला नाही, नाहीतर तुम्हाला शिकवतोय.

खोलीचंही तसंच. वस्तू दुप्पट खोल गेली की परत येणारा सिग्नल ढोबळमानानं ६४ पट क्षीण होतो, कारण क्षेत्राला जातानाही अंतर खातं आणि येतानाही. त्यामुळे अंगठीएवढी वस्तू आपल्या जमिनीत वीतभर खोलीवर मिळाली तर मशीन उत्तम आणि हात तयार, असं समजा. पत्र्याची पेटी किंवा हंड्याएवढा धातू मीटरभरावरूनही कळतो, पण तो काही रोज कोणाचा हरवत नाही. ‘तीस फूट खोल, शंभर मीटर लांब’ असं छापलेली, पुढे ॲन्टेना लावलेली जी यंत्रं विकतात, त्यांची दांडी हातात धरून फिरली की आपोआप वळते. ती दांडी हाताच्या कलण्यानं वळते. विकणारा प्रात्यक्षिक देतो तेव्हा सोनं कुठे ठेवलंय ते त्याला माहीत असतं. त्याला म्हणा, मी लपवतो, तुम्ही शोधा. तेवढ्यात त्याला दुसरं काम आठवतं.

आता जमीन. खान्देशची काळी बेसॉल्टच्या काळ्या दगडातून झालेली. त्या दगडात मॅग्नेटाइट नावाचं लोहयुक्त खनिज असतं आणि ते मातीत उतरतं. खात्री करायची तर जुन्या स्पीकरचं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बोरी नदीच्या वाळूतून एकदा ओढा. वर काढलं की पिशवीला काळ्या मिशा फुटलेल्या दिसतील. तेच खनिज वावरातही आहे, कमी-जास्त. कॉइलला ते सतत ऐकू येतं. स्वस्त मशीन त्या आवाजातच गोंधळतं: कॉइल उचलली की किंचाळतं, टेकवली की मुकं होतं. सगळ्यात खट्याळ जागा म्हणजे जिथे जाळ झालाय ती. जुनी वीटभट्टी, चुलाणं, बांधावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, पेटवल्याची जागा. माती तापली की तिच्यातलं लोह आणखी चुंबकीय होतं आणि मशीन तिथे धातू नसताना धातू सांगतं. काळ्या दगडाचा एखादा गोटाही असाच फसवतो. गोटा उचलून कॉइलसमोर धरला की लबाडी उघडी पडते.

म्हणून मशीन निवडताना मी पहिला प्रश्न विचारतो तो खोलीचा नाही, ग्राउंड बॅलन्सचा. म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज ओळखून तो वजा करायची सोय. काही यंत्रांत ती कारखान्यातच ठरवून दिलेली असते, तुम्हाला हात लावता येत नाही. काहींत मशीन स्वतः जुळवतं, काहींत तुम्ही आकडा हातानं फिरवू शकता. काळ्या जमिनीसाठी हातानं फिरवता येणारं, निदान उभ्या जागेवर जुळवून घेता येणारं हवं, यावर मी ठाम आहे. गॅरेटची एस ३००, एस ४०० ही मालिका हलकी, वापरायला सोपी, पण तिचं बॅलन्स ठरलेलं असतं. मायनलॅबचं व्हॅनक्विश एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालतं, ही मोठी जमेची बाजू, पण त्यातही हातानं बॅलन्स करता येत नाही. नोक्ताचं सिम्प्लेक्स एकाच फ्रिक्वेन्सीचं, तरी त्यात जमिनीवर कॉइल वरखाली करून बॅलन्स साधता येतो. पहिलं यंत्र म्हणून मी तेच सुचवतो. शिकून झालं, हौस टिकली आणि खिशात जोर असला, तर मायनलॅबचं इक्विनॉक्स ७०० किंवा ९००, नोक्ताचं लेजंड, एक्सपीचं ड्यूस २ ही खरी वरच्या वर्गातली. यांपैकी कोणतंही एक. त्यांच्यात भांडण लावत बसायची गरज नाही.

अनेक फ्रिक्वेन्सींचं एवढं कौतुक का, तर कमी फ्रिक्वेन्सीला, म्हणजे पाच किलोहर्ट्झच्या आसपास, चांदीचं जाड कडं आणि मोठी वस्तू छान ऐकू येते. बारीक सोनं, मुरणी, कुडीची फिरकी यांना वीस किंवा त्याहून जास्त किलोहर्ट्झ लागतात. बाई फोनवर ‘कानातलं पडलं’ एवढंच सांगते. ते जाड झुबं आहे की नाजूक रिंग, हे तिथे गेल्यावर कळतं. दोन्ही टोकं एकदम ऐकणारं मशीन तिथे कामाला येतं, शिवाय दोन-चार फ्रिक्वेन्सी ताडून बघून ते मातीचा आवाजही जास्त चांगला वेगळा काढतं.

पल्स इंडक्शन नावाचा आणखी एक प्रकार आहे. खनिज मातीला तो फारसा घाबरत नाही, खोलही जातो. पण लोखंड आणि बाकी धातू यांतला फरक त्याला नीट सांगता येत नाही. आपल्या वावरात बैलाच्या नाला, नालेचे खिळे, वखराच्या पासेचे तुकडे, ट्रॅक्टरच्या पिना, कुंपणाची तार एवढं लोखंड आहे की दिवसभर खड्डेच खणत बसाल. नको.

कॉइलबद्दल दोन गोष्टी. डबल-डी जातीची घ्या. तिचं क्षेत्र मधल्या रेषेवर उभ्या पात्यासारखं उतरतं, त्यामुळे एका वेळी कमी माती तिच्या नजरेत येते आणि गोंधळ कमी होतो. दुसरं, मशीनबरोबर अकरा इंची मोठी कॉइल येते, तिच्यासोबत एक सहा इंची लहान घेऊन ठेवा. खोलीच्या हव्यासानं लोक पंधरा इंची कॉइल घेतात आणि वर्षभरात विकायला काढतात. दागिना बहुतेक वेळा वरच्या चार बोटांतच असतो, फक्त भोवती कचरा असतो. कचऱ्यातून वाट काढायला लहान कॉइलच लागते. हातात धरायचा लहान पिनपॉइंटरही घ्या. मातीत चिमटीएवढी वस्तू बोटांनी चाचपत बसण्यापेक्षा तो टोकानं सांगतो, इथे.

विकत घेताना माझी एक रीत आहे. आपल्या वावरातली पाच-सहा किलो काळी माती पिशवीत भरून दुकानात न्यायची, सोबत एक चांदीचं जोडवं आणि एक खिळा. दुकानदार हवेत नाणं फिरवून दाखवतो, ते बघायचं नाही. माती लाकडी स्टुलावर ठेवायची, कॉइल तिच्यावर वरखाली करायची, बॅलन्स होतो का बघायचं, मग जोडवं पिशवीखाली सरकवायचं. दुकानदार हसतो, हसू द्या. ऑनलाइन घेणार असाल तर नामांकित यंत्रांच्या हुबेहूब नकला फिरतात हे ध्यानात ठेवा. सिरीयल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर तपासल्याशिवाय आणि भारतात दुरुस्ती कोण करणार हे विचारल्याशिवाय पैसे सोडू नका. दुरुस्तीवाल्याचं ऐका: पाणी शिरलेली कॉइल कोणी दुरुस्त करत नाही, ती बदलतातच.

मशीन घरी आलं. लगेच वावरात पळू नका. पहिली उजळणी ओट्यावर करा, लाकडी फळीवर. फळीत खिळे नाहीत ना ते बघून. घरातल्या वस्तू एकेक करून कॉइलसमोरून न्या आणि वहीत आकडा आणि आवाज लिहा. इथेच आपल्याकडच्या माणसाला पहिला धक्का बसतो. परदेशी शिकवणीत नाणं म्हणजे वरचा, गोड आवाज. आपला चालू रुपया आणि दोन रुपयांचं नाणं मात्र पोलादाचं, लोहचुंबकाला चिकटणारं. मशीनच्या दृष्टीनं ते लोखंडच, खिळ्याच्या शेजारी बसणारं. जुना तांबं-निकेलचा रुपया वेगळं बोलतो. पाच रुपयांत तर तीन पिढ्या आहेत: आधी तांबं-निकेलचा, मध्ये काही वर्षं पोलादी, मग पितळेच्या रंगाचा. ॲल्युमिनियमचे जुने पाच-दहा पैसे आणखी निराळे. हा सगळा खुर्दा गल्ल्यातून काढा आणि घोकून घ्या. मशीनवर लोखंडाचा आवाज पूर्ण बंद करून फिरणारा माणूस आपल्या जत्रेच्या मैदानातून चालू नाण्यांवरून खुशाल चालत जाईल.

दागिन्यांचं वेगळं पान करा. जोडवी आणि पैंजणाचा आकडा वर लागतो. पाटली, अंगठी मधे कुठेतरी. आणि पोत? पोत बघताना मला स्वतःला मजा वाटते. साखळीची एकेक कडी मशीनला सुटी, बारीक दिसते, सगळी मिळून एक वस्तू दिसत नाही. तोळ्याची साखळी कॉइलखालून नेली तरी कुरकुरल्यासारखा आवाज येतो. वाट्या मात्र स्पष्ट बोलतात. म्हणून मंगलपोत शोधताना आपण साखळी नाही, दोन वाट्या शोधत असतो. घरच्या मंडळींची पोत मागून घेऊन वाट्यांचा आकडा आधीच लिहून ठेवा. वाटी लहान-मोठी असते, म्हणून दोन-तीन घरच्या घ्या.

मग परसात किंवा बांधाच्या कडेला एक शिकायचा वाफा करा. चार बोटं, वीत आणि सव्वा वीत अशा खोलीवर जोडवं, पितळी घुंगरू, जुनं नाणं, नाल आणि खिळा पुरा, प्रत्येकामध्ये दोन हात अंतर ठेवून. सोनं पुरू नका. त्याच्या जागी कीटकनाशकाच्या बाटलीच्या तोंडावरचा ॲल्युमिनियमचा पापुद्रा घडी करून पुरा, तो पातळ सोन्याच्या जवळ बोलतो आणि कापसाच्या वावरात तुम्हाला छळणार आहे तोही हाच. खुणेला लाकडी खुंट्या ठोका, लोखंडी नव्हे. एका जागी जोडव्याच्या शेजारी चार बोटांवर मुद्दाम खिळा ठेवा. ही जागा सगळ्यात जास्त शिकवते. मोठी कॉइल भरकन फिरवली तर नुसता खिळाच ऐकू येतो. लहान कॉइल लावून, रिकव्हरीचा वेग, म्हणजे एक आवाज संपवून पुढचा ऐकायची मशीनची चपळाई, वाढवून, दिशा बदलत गेलात की एका बाजूनं खिळ्याच्या घोगऱ्या आवाजामागून जोडव्याचा बारीक टिणकारा निसटून येतो. हा टिणकारा ओळखायला लागलात की निम्मं शिकून झालं. नुकत्या उकरलेल्या मातीत वस्तू नीट बोलत नाही, एक पावसाळा जाऊन माती बसू द्या, मग वाफा खरा होतो.

बॅलन्स कसा करायचा: धातू नाही अशी जागा शोधा, कॉइल दोन बोटांवरून हातभर उंचीपर्यंत सावकाश वरखाली करा. आवाज वर जाताना आणि खाली येताना सारखा झाला की जुळला. बांध ओलांडून दुसऱ्या वावरात गेलात, काळीतून मुरमाड जमिनीत चढलात, की पुन्हा करा. जमिनीचा आपोआप मागोवा घेऊन बॅलन्स जुळवत राहणारी सोय कचऱ्याच्या जागी बंदच ठेवा, ती कधीकधी बारीक दागिन्यालाच माती समजून वजा करते.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनचा कान किती तिखट ठेवायचा ते, हा पोरांचा आवडता बटण, सगळे शेवटपर्यंत नेतात. काळ्या जमिनीत सगळ्यात वर ठेवलेलं मशीन जमिनीचीच बडबड ऐकत राहतं. बडबड थांबेपर्यंत खाली आणा, मग एक पायरी आणखी. शांत मशीन कमी आकड्यावरही खोल ऐकतं.

बडबड काही वेळा जमिनीची नसतेच. सेकंदा-सेकंदानं टक, टक असं येत असेल तर आजूबाजूला बघा, रानडुकरांसाठी झटका मशीन लावलेलं असेल. मालकाला सांगून तेवढा वेळ बंद करवा. डीपीजवळ, विहिरीवरच्या स्टार्टरजवळ, वरून गेलेल्या तारांखाली मशीन अकारण पुटपुटतं. मशीनमधली नॉइज कॅन्सलची सोय वापरा, नाही भागलं तर थ्री फेज नसलेल्या वेळेला या. आपल्याकडे ती वेळ कधी असते हे मालकाला तोंडपाठ असतं. स्वतःचा मोबाइल विमान मोडवर टाका, हातातलं कडं आणि पट्टा काढा, बुटात लोखंडी टोपी नको. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगात अडकलेली गोळी शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल असलंच यंत्र घेऊन गेले होते. गोळी काही सापडली नाही, आणि पलंगाच्या गादीतल्या पोलादी तारांनीही घोटाळा केला असं पुढे मानलं गेलं. बेलसाहेबांची ती गत, तर आपल्या खिशातल्या किल्ल्यांचं काय घेऊन बसलात.

कॉइल फिरवणं म्हणजे अंगण सारवणं. हात अर्धगोलात, प्रत्येक फेर आधीच्या फेरावर निम्मा चढलेला, मधे कोरी जागा नाही. दोन्ही टोकांना हात उचलला जातो, तो उचलू नका, कॉइल जमिनीशी समांतरच राहिली पाहिजे. हळू. आवाज आला की थांबा, चतकोर फिरून दुसऱ्या दिशेनं त्यावरून जा. दोन्हीकडून सारखा, गोल, एकाच जागी येणारा आवाज खणायचा. एका बाजूनं वर आणि दुसरीकडून तुटका, खरखरीत येणारा बहुधा लोखंडाचा. विळ्याचं मोडकं पातं, घमेल्याचा पत्रा असलं मोठं गंजकं चपटं लोखंड मात्र चांदीचा आकडा दाखवून फसवतं. आवाज कॉइलभर पसरला असेल तर संशय घ्या. आकड्यावर कमी, कानावर जास्त भरवसा ठेवा, त्यासाठी हेडफोन लावा.

आता प्रत्यक्ष वावरात. मशीन चालू करण्याआधी अर्धा तास बोलण्यात घालवा. पोत शेवटची गळ्यात कधी होती? त्यानंतर पाणी प्यायला कुठे बसलात? ओटी कुठे रिकामी केली? वेचणीत बाई वाकलेली असते, दागिना सुटला तर जमिनीपेक्षा ओटीतल्या कापसात पडायची शक्यता बरीच. म्हणून मी आधी ढिगाकडे जातो. कापूस मशीनला दिसतच नाही, त्यामुळे ढिगातली वाटी हवेत धरल्यासारखी स्पष्ट बोलते. ढीग हातभर जाडीचा पसरायचा, वरून कॉइल फिरवायची, गुंडाळायचा, पुढचा पसरायचा. हा कापूस जिनिंगला गेला तर दागिना गेलाच, शिवाय धातूचा तुकडा यंत्रात ठिणगी पाडून आग लावू शकतो. जिनवाले तुमचे आभारच मानतील. आणि मालकाला पहिल्याच फोनवर बजावा: मी येईपर्यंत वखर, रोटाव्हेटर काही घालू नका, गुरं सोडू नका.

पारोळ्याकडच्या एका वावरात असंच झालं. ढीग बघून झाला, काही नाही. त्या काकू बांधावर उकिडव्या बसून एकच म्हणत होत्या, "आठेच कोठे तरी पडनी व्हई." जेवायला बसल्या होत्या त्या बाभळीपासून वेचलेल्या शेवटच्या ओळीपर्यंत सुतळी बांधून पट्टे पाडले. पऱ्हाटी उभी असली की मोठी कॉइल ओळीत शिरत नाही, लहान लावली. पापुद्रे, पापुद्रे, एक नाल. मग एका जागी मधला, गोल आवाज, पण कॉइल पुढे ढकलली की नाहीसा. वाकून बघितलं तर जमिनीला बोटभर रुंद भेग होती, सावलीच्या बाजूनं पालापाचोळ्यानं झाकलेली. काळी जमीन सुकली की अशी तडकते, आणि भेगेत पडलेली वस्तू वीतभर सहज उतरते, वर काही दिसत नाही. कॉइल भेगेला आडवी न धरता लांबीच्या दिशेनं नेली तसा आवाज टिकला. अशा वेळी खुरपं सरळ भेगेत खुपसायचं नाही, माती सुटून वस्तू आणखी खाली जाते. भेगेपासून वीतभर बाजूला खड्डा घ्यायचा आणि आडवं आत शिरायचं, शेवटची माती प्लास्टिकच्या खुरप्यानं. आधी काळे मणी दिसले, मग एक वाटी. दुसरी वाटी साखळीला लोंबत आली. साखळीनं शेवटपर्यंत एक आवाज केला नव्हता. काकूंनी पोत घेतली, पदरानं पुसली आणि मला काही न बोलता सुनेला म्हणाल्या, "चहा ठेव वं."

पैसे घ्यायचे की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी पेट्रोल घेतो. सापडलेल्या दागिन्यात वाटा मात्र कधी ठरवू नका, त्यातून तंटे होतात.

सरावाला जागा हवी तर जत्रेनंतरचं मैदान उत्तम. आमच्याकडे वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरीच्या पात्रात भरते. अशा मैदानात वाळू, बिल्ले, खुर्दा, बाटल्यांची बुचं सगळं एकत्र मिळतं. आधी नगरपरिषदेला विचारा, खड्डे बुजवा, निघालेला कचरा घरी न्या. खाजगी वावरात मालकाच्या तोंडी होकाराशिवाय पाय ठेवू नका.

एका ठिकाणी मात्र मशीन पिशवीतूनही काढायचं नाही, ते म्हणजे जुन्या गावाची पांढर. तापी-गिरणेच्या काठावरच्या या राखाडी टेकाडांखाली हजारो वर्षांच्या वस्त्या आहेत. प्रकाशे, बहाळ इथली उत्खननं शाळेच्या पुस्तकापुरती नाहीत, सावळदा नावाची अख्खी ताम्रपाषाण संस्कृती आपल्या तापीकाठच्या गावावरून ओळखली जाते. तिथे खड्डा घातला की वस्तू मिळेल, पण ती कोणत्या थरात, कशाशेजारी होती हे कायमचं पुसलं जाईल. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, थाळनेरची थडगी असोत की पितळखोऱ्याची लेणी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते.

आणि खरंच काही पुरलेलं लागलं तर? १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीत दडलेलं काही सापडलं, तर काय सापडलं, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख लिहून जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. लपवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली झाडाचं मूळ खणताना एका भिल्ल माणसाला काशाचे रथ, हत्ती, गेंडा, म्हैस सापडले, ते आज देशाचा ठेवा आहेत, ते वितळले नाहीत म्हणून. गुप्तधनासाठी कोणी पूजा, बळी, मांत्रिक असलं काही सुचवलं तर तिथून निघा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधासाठीचे अघोरी प्रकार गुन्हा म्हणून नमूद आहेत. तुमचं मशीन तिथे सामील झालं तर तुम्हीही झालात. तोफगोळ्यासारखं काही निघालं तर हात न लावता ११२.

राहिली देखभाल. घरी आल्यावर कॉइलचं प्लास्टिकचं आवरण दर वेळी काढून धुवा. आवरण आणि कॉइलच्या मधे काळा चिखल साचतो, आणि त्या चिखलातल्या लोहामुळे पुढच्या खेपेला मशीन उगाचच कुरकुरतं. लोक मशीन बिघडलं म्हणून माझ्याकडे आणतात, मी आवरण काढतो, चिखल झटकतो आणि परत देतो. उन्हाळ्यात मशीन गाडीच्या डिकीत ठेवू नका, आपल्या मे महिन्यात बॅटरी फुगते. पावसाळ्यात मशीन पडून राहणार असेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा, आणि कॉइलची वायर दांड्याला गुंडाळताना सैल ठेवा. ताणलेली वायर आधी बुडाशी तुटते.